पॅसिफिकवरची हवा आणि चितेगावचा पाऊस यांचं नातं शोधणारा बूमरँगवाला साहेब

एप्रिल महिना लागला की एक बातमी ठरलेली असते. हवामान खातं पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतं आणि त्यासोबत एक शब्द येतो, अल निनो. मग व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरायला लागतात. कुणी म्हणतं यंदा दुष्काळ पक्का, कुणी म्हणतं ला निना आहे, बिनधास्त पेरा.

आता छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चितेगाव येतं. एका बाजूला कंपन्यांची शेड, दुसऱ्या बाजूला कापूस, तूर, मोसंबी. इथून पुढे पैठणला जायकवाडीचं धरण. पाऊस पडला नाही तर विहिरी आटतात, बागा वाळतात, टँकर सुरू होतात. जास्त पडला तर उभं पीक पाण्यात जातं. या चितेगावच्या शिवारातला माणूस हजारो मैल लांब असलेल्या पॅसिफिक महासागराची काळजी का करतो? तिथल्या हवेचा आणि आपल्या पावसाचा संबंध आहे, हे ठरवलं कुणी?

तर याचं सगळ्यात मोठं श्रेय जातं एका इंग्रज गणितज्ञाला. त्यांचं नाव सर गिल्बर्ट वॉकर.

गंमत म्हणजे हा माणूस भारतात आला तेव्हा त्याला हवामानशास्त्रातलं काहीही येत नव्हतं.

आधी दुष्काळाची गोष्ट

वॉकर समजून घ्यायचे तर आधी थोडं मागं जावं लागेल.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. मुंबई इलाखा, मद्रास, म्हैसूर आणि निजामाचं हैदराबाद संस्थान, सगळीकडे माणसं अन्नान्न करून मेली. तेव्हा आजचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मेलेल्यांचा आकडा ५० लाखांच्या वर गेला असं मानलं जातं. यात पावसाची चूक होतीच, पण धान्याची निर्यात सुरू ठेवणाऱ्या आणि मदतीचा हात आखडता घेणाऱ्या इंग्रज सरकारचीही होती.

याच सुमारास, म्हणजे १८७५ मध्ये, इंग्रजांनी भारतीय हवामान खातं सुरू केलं होतं. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. दुष्काळानंतर सरकारनं त्यांना विचारलं, पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्ड यांनी एक गोष्ट हेरली होती. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर जातो. त्यावरून त्यांनी १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली.

त्यांच्यानंतर आले जॉन एलियट. त्यांनी बर्फासोबत आणखी बऱ्याच गोष्टी अंदाजात घेतल्या. पण १८९९ साली त्यांचा अंदाज पार फसला. त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्या वर्षी पावसानं देशभर दगा दिला. राजस्थानात आजही लोक ज्याला छप्पनिया म्हणतात तो हाच दुष्काळ.

खात्याची अब्रू गेली. एलियट यांना कळून चुकलं की नुसत्या अनुभवावर आणि डोळ्यांवर विसंबून हे काम होणार नाही. इथं आकड्यांशी खेळणारा माणूस पाहिजे. त्यांनी आपल्या जागेसाठी हवामानवाला शोधलाच नाही. त्यांनी गणितवाला शोधला.

केंब्रिजचा बूमरँग वॉकर

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. शाळेत गणितात हुशार, शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. १८८९ साली ते सीनियर रँग्लर झाले. म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. आपल्याकडे रँग्लर परांजपे यांच्यामुळे हा शब्द घराघरांत पोहोचला. पुढे १८९९ मध्ये परांजप्यांनी जी परीक्षा मारली, तीच ही.

पण अभ्यासाचा इतका ताण घेतला की वॉकर यांची तब्येत ढासळली. हवापालटासाठी त्यांना हिवाळ्यात स्वित्झर्लंडला जाऊन राहावं लागलं. तिथं ते बर्फावर स्केटिंग करायला शिकले आणि त्यात तरबेज झाले.

त्यांना नाद होता तो फिरणाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या वस्तूंचा. भोवरा का उभा राहतो, बूमरँग परत का येतं, असले प्रश्न त्यांना पडायचे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं हे हत्यार घेऊन ते केंब्रिजच्या नदीकाठच्या हिरवळीवर तासन् तास फेकत बसायचे. लोकांनी त्यांचं नावच बूमरँग वॉकर पाडलं. पण हा नुसता पोरखेळ नव्हता. १८९७ मध्ये त्यांनी बूमरँगच्या उड्डाणाचं गणित मांडणारा शोधनिबंध लिहिला.

याशिवाय बासरीचा नाद होता. बासरीच्या रचनेत सुधारणा कशा करता येतील यावरही त्यांनी डोकं लावलं.

अशा या माणसाला एलियट यांनी भारतात यायचं आमंत्रण दिलं. वॉकर यांनी आधी युरोप आणि अमेरिकेतल्या वेधशाळा फिरून काम समजून घेतलं. १९०३ मध्ये ते भारतात आले आणि १९०४ च्या सुरुवातीला, वयाच्या पस्तिशीत, देशातल्या सगळ्या वेधशाळांचे प्रमुख झाले. ऑफिस होतं शिमल्याला.

शिमल्यातही बूमरँग सुटलं नाहीच. अ‍ॅनाडेलच्या मैदानावर हा मोठा साहेब बूमरँग फेकताना दिसायचा. डोंगरावर पंख न हलवता तरंगणारी गिधाडं आणि घारी ते बघत बसायचे. त्यातून हवेच्या वर चढणाऱ्या प्रवाहांबद्दल त्यांनी लिहिलं.

कारण कळत नाही? मग आधी आकडे मोजा

खुर्चीवर बसल्यावर वॉकर यांच्यापुढं प्रश्न उभा राहिला. पाऊस का कमी-जास्त होतो याचं कारण कुणालाच नीट माहीत नव्हतं. वरच्या थरातली हवा कशी वाहते हे मोजायची साधनं नव्हती. उपग्रह नाहीत, कॉम्प्युटर नाहीत. मग करायचं काय?

वॉकर यांनी सरळ हिशेब केला. कारण माहीत नाही तर नसू दे. जगभरातल्या नोंदी गोळा करू आणि कोणती गोष्ट आपल्या पावसासोबत वर-खाली होते ते तपासू.

यासाठी त्यांनी वापरलं सहसंबंधाचं गणित. सोप्यात सांगायचं तर दोन आकड्यांच्या रांगा घ्यायच्या. एक वाढली की दुसरीही वाढते, असं कायम होत असेल तर उत्तर येतं अधिक १. एक वाढली की दुसरी कमी होते, असं कायम असेल तर उणे १. काहीच नातं नसेल तर शून्य. संख्याशास्त्रात हे तंत्र तेव्हा नवं होतं आणि हवामानात इतक्या मोठ्या प्रमाणात ते कुणी वापरलं नव्हतं.

आज हे काम एक्सेलमध्ये मिनिटभरात होतं. तेव्हा मात्र शिमल्याच्या ऑफिसात भारतीय कारकून हातानं बेरजा, गुणाकार, वर्गमुळं करत बसायचे. कॉम्प्युटर हा शब्दच तेव्हा माणसासाठी वापरला जायचा. जगातल्या डझनावारी ठिकाणांचा हवेचा दाब, तापमान, पाऊस, नाईल नदीचा पूर, हिमालयातला बर्फ, सूर्यावरचे डाग, जे मिळेल ते गणितात घातलं. वॉकर यांच्या नावानं जे काम ओळखलं जातं त्यामागे या कारकुनांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. त्यांतल्या बहुतेकांची नावं इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत.

या गणितातून काही लोकप्रिय समजुती गळून पडल्या. सूर्यावरच्या डागांवरून पावसाचं भाकीत करता येतं, हा त्या काळचा मोठा दावा होता. आकड्यांत तो टिकला नाही. जंगलतोडीमुळं देशातला पाऊस कायमचा कमी झालाय का, असंही तेव्हा विचारलं जात होतं. १९१० मध्ये वॉकर यांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि त्यांत पाऊस कायमचा घटल्याचा पुरावा सापडत नाही असं मांडलं. पाऊस वर्षागणिक मोठे हेलकावे खातो, पण खरा प्रश्न हा होता की हे हेलकावे येतात कुठून.

१९०९ पासून खात्याचा अंदाज सूत्रावर द्यायला सुरुवात झाली. त्यात हिमालयातला बर्फ होता, मॉरिशसचा हवेचा दाब होता, झांझिबारचा पाऊस होता आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाबही होता.

दक्षिण अमेरिका कुठं आणि मराठवाडा कुठं. पण आकडे म्हणत होते की नातं आहे.

समुद्रावरचा झोका

हे नातं थोडंफार आधीही काही जणांच्या लक्षात आलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स टॉड यांनी १८८८ च्या सुमारास पाहिलं होतं की भारतात दुष्काळ पडतो तेव्हा पुष्कळदा ऑस्ट्रेलियातही पडतो. नॉर्मन लॉकियर आणि त्यांच्या मुलानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की हिंदी महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढतो तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या बाजूला तो कमी होतो. दोघंही झोक्याच्या दोन टोकांवर बसल्यासारखे.

वॉकर यांनी या झोक्याला गणिताचा पाया दिला. १९२३ आणि १९२४ मध्ये आलेल्या शोधनिबंधांत त्यांनी सांगितलं की जगात असे तीन मोठे झोके आहेत. एक उत्तर अटलांटिकवर, एक उत्तर पॅसिफिकवर आणि तिसरा, सगळ्यात मोठा, पॅसिफिक ते हिंदी महासागर असा पसरलेला. या तिसऱ्याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हणजे दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. आज अल निनोच्या बातमीत एन्सो हा शब्द येतो ना, त्यातलं एसओ ते हेच.

आता हा झोका चालतो कसा?

नेहमीच्या वर्षी पॅसिफिकवर विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते वरचं गरम पाणी इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडे ढकलतात. तिथं हवा तापून वर जाते, दाब कमी होतो, भरपूर पाऊस पडतो. वर गेलेली हवा उंचावरून पूर्वेला जाते आणि पेरूच्या किनाऱ्याजवळ खाली उतरते. तिथं दाब जास्त आणि पाऊस कमी.

काही वर्षांनी हे वारे मंदावतात. गरम पाणी परत पूर्वेकडे सरकतं. पाऊस पाडणारी चढती हवाही त्याच्यासोबत सरकते. पेरूमध्ये पूर येतात आणि आपल्या बाजूला हवा खाली उतरायला लागते. खाली उतरणारी हवा ढगांना वाढू देत नाही. म्हणून अशा वर्षी आपला पाऊस कमजोर पडायची शक्यता वाढते. हाच अल निनो. याच्या उलट झालं, म्हणजे वारे नेहमीपेक्षा जोरात वाहिले, की ती ला निना.

पण थांबा. हे सगळं वॉकर यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त हवेच्या दाबाचा झोका दिसला होता. तो झोका कोण हलवतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पेरूचे कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या गरम पाण्याच्या प्रवाहाला अल निनो म्हणायचे, हे तिकडच्या अभ्यासकांनी १८९० च्या दशकात लिहून ठेवलं होतं. शिमल्याचा दाबाचा झोका आणि पेरूचं गरम पाणी ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

एक ओला, एक कोरडा

वॉकर यांच्या कारकिर्दीतच निसर्गानं त्यांची मोठी परीक्षा घेतली. १९१७ साली देशात इतका पाऊस पडला की ते वर्ष आजही सगळ्यात ओल्या वर्षांत मोजलं जातं. आणि पुढच्याच वर्षी, १९१८ ला, पाऊस सरासरीपेक्षा जवळपास २५ टक्क्यांनी कमी पडला. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. उपासमार आणि ताप दोन्ही एकदम. लागोपाठच्या दोन वर्षांत पाऊस असा टोकाला जाऊ शकतो, हे मराठवाड्याला वेगळं सांगायची गरज नाही.

वॉकर यांनी या काळात एक फार शहाणपणाची गोष्ट सांगितली. हजारो आकड्यांची जोडी जोडी लावत बसलात तर काही जोड्या नुसत्या योगायोगानंही जुळतात. म्हणून एखादं नातं सापडलं की लगेच हुरळून जायचं नाही. किती जोड्या तपासल्या त्या प्रमाणात पुराव्याची कसोटी कडक करायची. १९१४ मध्ये त्यांनी याचं गणितच मांडलं. आज कुठल्याही सोम्यागोम्यानं कावळ्याचं घरटं आणि पावसाची टक्केवारी जोडून रील टाकली तर हा नियम आठवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या देशाला एकच अंदाज देऊन उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं. १९२२ पासून त्यांनी देशाचे भाग पाडले आणि दख्खनच्या द्वीपकल्पाचा वेगळा, वायव्य भारताचा वेगळा असा अंदाज द्यायला सुरुवात केली. शिवाय अशा लांबच्या अंदाजाला भविष्यवाणी म्हणू नये, तो फक्त पुढच्या हंगामाची चाहूल असते, असा त्यांचा आग्रह असायचा. त्यासाठी त्यांनी इंग्रजीत वेगळा, जरा सौम्य शब्दही रूढ केला.

रामानुजन यांच्या मदतीला धावलेला साहेब

वॉकर यांच्या आयुष्यातला एक प्रसंग हवामानाचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९१३ च्या फेब्रुवारीत वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये एक तरुण कारकून काम करायचा, श्रीनिवास रामानुजन. पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्याची गणितं वॉकर यांना दाखवली. वॉकर स्वतः ट्रिनिटीचे जुने फेलो. त्यांना कळलं की हे साधं प्रकरण नाही. त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून शिफारस केली की या तरुणाला पोटापाण्याची चिंता न करता गणित करता येईल अशी सोय करा.

विद्यापीठानं रामानुजन यांना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी रामानुजन केंब्रिजला गेले, तेही वॉकर यांच्याच ट्रिनिटी कॉलेजात. रामानुजन म्हटलं की आपल्याला हार्डी आठवतात. पण मद्रासमध्ये त्यांच्यासाठी शब्द टाकणाऱ्यांत हा हवामान खात्याचा साहेबही होता.

उत्तर मिळालं, पण ऐकायला वॉकर नव्हते

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाले. सर ही पदवी मिळाली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ते हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३४ पर्यंत तिथं राहिले.

ते गेल्यावर चार वर्षांनी, १९२८ मध्ये, हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरला आजही लोक ज्याला सिमला ऑफिस म्हणतात, ज्याच्या नावानं चौक आहे, त्या नावामागं ही गोष्ट आहे. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुण्याचं ऑफिस राहिलं आणि नाव तर लोकांच्या तोंडात कायमचं बसलं.

वॉकर यांच्या कामाला मात्र त्यांच्या हयातीत तितका मान मिळाला नाही. आकडे जुळतात, पण का जुळतात हे सांगा, असं टीकाकार म्हणायचे. त्यात पुढच्या काळात त्यांची काही सूत्रं कमजोर पडली. जी नाती घट्ट वाटली होती ती सैल झाली. ४ नोव्हेंबर १९५८ ला, वयाच्या नव्वदीत, वॉकर इंग्लंडमध्ये गेले.

आणि इथं नियतीचा खेळ बघा.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. जगभरातले शास्त्रज्ञ समुद्राच्या आणि हवेच्या नोंदी घेत होते. नेमका त्याच काळात पॅसिफिकमध्ये मोठा अल निनो आला. म्हणजे वॉकर अखेरचे दिवस मोजत होते तेव्हा त्यांच्या कोड्याचं उत्तर समुद्रावर लिहिलं जात होतं.

या नोंदी वाचून जेकब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन वंशाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात दोन्ही टोकं जोडली. पेरूजवळचं पाणी तापणं आणि हवेच्या दाबाचा झोका ही एकच गोष्ट आहे. समुद्र हवेला ढकलतो आणि हवा समुद्राला. पॅसिफिकवर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या त्या चक्राला ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये नाव दिलं वॉकर सर्क्युलेशन, म्हणजे वॉकर अभिसरण. वॉकर जाऊन तेव्हा ११ वर्षं झाली होती.

बहात्तरचा दुष्काळ आणि पुढे

यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ ला, जोरदार अल निनो आला. पेरूमध्ये मासेमारीचा धंदा कोसळला. आणि महाराष्ट्रात? मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो. वॉकर यांच्या झोक्याचं एक टोक पेरूच्या बंदरात होतं आणि दुसरं आपल्या शिवारात.

पुढे १९८८ मध्ये मराठी शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ घटकांचं मॉडेल आणलं. वॉकर यांचीच वाट, पण जास्त घटक घेऊन. बरीच वर्षं त्याचा बोलबाला होता. मग २००२ साल आलं. अंदाज होता जवळपास सरासरीइतक्या पावसाचा, प्रत्यक्षात देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस पडला. एलियट साहेबांचं १८९९ पुन्हा आठवावं असं ते वर्ष. त्यानंतर मॉडेल बदललं आणि आज समुद्र आणि हवा दोन्ही एकत्र धरणारी कॉम्प्युटर मॉडेलं वापरली जातात.

मग अल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण पक्कं का? तर नाही.

१९९७ ला गेल्या शतकातल्या सगळ्यात ताकदवान अल निनोंपैकी एक आला होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या आसपास पडला. त्यानंतर १९९९ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरातल्या आणखी एका झोक्याची ओळख जगाला करून दिली, इंडियन ओशन डायपोल. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी इंडोनेशियाच्या बाजूपेक्षा गरम झालं की तो आपल्या पावसाला हात देऊ शकतो. १९९७ ला आणि २०१९ ला तो आपल्या बाजूनं होता.

२०१५ ला मात्र अल निनोनं हिसका दाखवला. आधीच्या वर्षी कमी पाऊस, त्यात हे वर्ष. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आणि त्याआधीचा २०१२-१३ चा दुष्काळ, ज्यात जालना-औरंगाबादकडच्या मोसंबीच्या बागा जळाल्या, तो तर पूर्ण अल निनो नसतानाही पडला. अल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेला नाही आणि नाही आला म्हणजे सुटलो असंही नाही.

चितेगावला याचा उपयोग काय?

चितेगावची गंमत अशी की इथली चिंता फक्त इथल्या ढगांवर ठरत नाही. जायकवाडी भरतं ते मुख्यतः नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसानं. तिकडं पाऊस नसेल तर नाथसागर रिकामा आणि तिकडं जास्त झाला तर दरवाजे उघडतात आणि गोदाकाठची गावं जागी राहतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणनं हे अनुभवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीनं हातातोंडाशी आलेलं सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेले, जमिनी खरवडून गेल्या. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०२३ च्या अल निनोत, देशातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला होता.

त्यात आता हवामानबदलाची भर पडली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारी वाफ हे त्याचं एक कारण. म्हणजे एकाच हंगामात आधी खंड आणि मग ढगफुटीसारखा पाऊस, असं होऊ शकतं. सरासरी भरते, पीक मात्र जातं.

म्हणून एप्रिलमधल्या अंदाजाकडे बघायचं ते वॉकर बघायचे तसं. ती चाहूल आहे. अल निनोची शक्यता जास्त असेल तर कमी पाण्यात येणारं पीक, आंतरपीक, विहिरीच्या पाण्याचा हिशेब यांचा विचार आधीच करता येतो. पण पेरणी कधी करायची हे एप्रिलचा अंदाज सांगू शकत नाही. त्यासाठी चार-पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज बघायचा आणि कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतं ते ऐकायचं. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. दुबार पेरणीचा खर्च समुद्र भरून देत नाही.

वॉकर यांनी आयुष्याची २० वर्षं या देशाच्या पावसामागं घालवली. त्यांना पाऊस अचूक सांगता आला नाही. आजही तो कुणाला शंभर टक्के सांगता येत नाही. पण आपल्या आभाळाचं एक टोक पॅसिफिकला बांधलेलं आहे, हे त्यांनी आणि शिमल्याच्या त्या कारकुनांनी कागद-पेन्सिलीवर शोधून काढलं. यापुढं एप्रिलमध्ये अल निनोची बातमी आली की मेसेज फॉरवर्ड करायच्या आधी एवढं बघा की तो अंदाज कुणी दिलाय, किती टक्के शक्यता सांगितलीय आणि तो आपल्या भागाचा आहे का. बूमरँगवाल्या साहेबानं याच प्रश्नांसाठी गणितं मांडली होती.